गिधाड विघटक की भक्षक? (नववी, परिसंस्थेतील ऊर्जाप्रवाह)

नववीची_आई

लेकीची घटक चाचणी पुढच्या आठवड्यात आहे, विज्ञानात 'परिसंस्थेतील ऊर्जाप्रवाह' हा धडा. गवत–नाकतोडा–बेडूक–साप–गरुड ही साखळी तिला झोपेतून उठवून विचारली तरी येते. पण काल सरावाच्या कागदावर सजीवांची एक यादी होती, त्यांचं उत्पादक, भक्षक, विघटक असं वर्गीकरण करायचं होतं आणि त्यात गिधाड होतं. तिने बिनदिक्कत विघटकांत टाकलं. का, तर "मेलेलं खातं ना!" मी कॉमर्सवाली, मला ते पटलं. तिच्या बाबांना पटलेलं नाही.

शिवाय बाणांचा घोळ आहेच. साप बेडकाला खातो म्हणून ती सापाकडून बेडकाकडे बाण काढते. जाणकारांनी दोन्हीचा निकाल लावावा, घरात शांतता नांदेल.

मास्तर_घाटावरचे

बाणाचं आधी उरकू. ज्याचं पोट भरलं त्याच्याकडे बाणाचं टोक. बेडकातली ऊर्जा सापात गेली, म्हणून बेडूक → साप. पेपर तपासताना उलटे बाण गठ्ठ्याने सापडतात, आणि गंमत म्हणजे त्याच पोरांनी वर व्याख्या अगदी बिनचूक लिहिलेली असते.

आता गिधाड. ते विघटक नव्हे. जिवाणू आणि बुरशी अन्नावर विकरं (एन्झाइम, अन्न फोडणारी रसायनं) सोडतात, अन्न शरीराबाहेरच फोडतात आणि विरघळलेलं शोषून घेतात. त्यांचं काम झालं की मागे कार्बन डायऑक्साइड, नायट्रेट, फॉस्फेट असे साधे पदार्थ राहतात, जे झाडं पुन्हा उचलू शकतात. गिधाड चोचीने खातं, पोटात पचवतं आणि विष्ठा टाकतं. ती विष्ठा मातीत मिसळवायला पुन्हा जिवाणूच लागतात. म्हणजे गिधाड भक्षकच, भक्षकांतला मृतभक्षक.

पोषण पातळी (म्हणजे साखळीतली पायरी) विचारली तर गाय गवत खाते म्हणून ती प्राथमिक भक्षक आणि मेलेली गाय खाणारं गिधाड द्वितीयक. शिकार स्वतः केली की आयती मिळाली, याने पातळीत फरक पडत नाही. वाघाने मारलेल्या सांबरावर वाघ आणि गिधाड दोघेही जेवले तर दोघेही त्या जेवणापुरते एकाच पातळीवर. वाघच मेला आणि गिधाडांनी खाल्ला, तर मात्र त्या दिवशी गिधाड एक पायरी वर चढलं.

शंकासुर

मास्तर, मग वाळवीचं काय? तीही तोंडानेच खाते. आमच्या जुन्या घराचा वासा तिने पोकळ केला तेव्हा ती भक्षक होती की विघटक?

मास्तर_घाटावरचे

आलात का! वाळवी, गांडूळ, शेणकिडे हे मृत पालापाचोळा नि शेण खाणारे. त्यांना अपशिष्टभक्षक म्हणतात. ते बारीक तुकडे करून देतात, त्यामुळे जिवाणू-बुरशीला हात मारायला जागा मिळते. काही पुस्तकं त्यांना सैलपणे विघटकांत घालतात. नववीच्या पेपरात गांडुळाला विघटक म्हटलं तर मी गुण कापत नाही, पण गिधाडाला म्हटलं तर कापतो.

मांडवीकाठ

वाळवीची गोष्ट याहून मजेशीर आहे. आमच्या गोव्यात पहिले पाऊस झाले की वारुळांवर अळमी उगवतात, रस्त्याकडेला चढ्या भावाने विकायला येतात. कोकणातही वारुळावरची अळंबी माहीत असतील. ती बुरशी वाळवीनेच पोसलेली असते. या जातींची वाळवी लाकूड आणि पाचोळा खाते, अर्धवट पचलेल्या विष्ठेचे स्पंजासारखे गड्डे वारुळात रचते आणि त्यावर बुरशी वाढवते. लाकडाला टणक करणारं लिग्निन फोडणं वाळवीच्या आवाक्यातलं नाही, ते बुरशी करते. मग वाळवी ते मऊ झालेले गड्डे आणि बुरशी दोन्ही खाते. पावसाळ्यात त्याच बुरशीच्या छत्र्या जमिनीवर येतात, त्या आपण खातो.

आता सांगा, लाकूड → वाळवी → बुरशी → वाळवी → … बाण काढता काढता माणूस वेडा होईल. एकाच वारुळात भक्षक आणि विघटक एकमेकांच्या ताटात जेवतात.

नववीची_आई

हे सगळं तिला वाचून दाखवलं. बाण सुधारले. तिचा पुढचा प्रश्न जशाचा तसा देते: "गिधाडाला विघटक म्हणायचं नाही, ठीक आहे. पण मग ते नसलं तर काय बिघडतं? जिवाणू आहेतच की सगळं कुजवायला."

ढोरडॉक्टर

लेकीला माझ्याकडून शाबासकी सांगा. हा प्रश्न भारताने प्रत्यक्ष प्रयोग करून पाहिला आहे, न ठरवता. मी जनावरांचा डॉक्टर, तेव्हा या प्रकरणात आमच्या धंद्याचाही हात आहे.

१९८०च्या दशकापर्यंत गावाबाहेर ढोर टाकलं की गिधाडं आभाळातून उतरायची. मोठा थवा असेल तर अर्ध्या-पाऊण तासात नुसता सापळा उरायचा. आपल्याकडची गिधाडं वासावर येत नाहीत, नजरेवर येतात. एक उतरलं की लांबवर घिरट्या घालणारं दुसरं त्याला बघून उतरतं, त्याला बघून तिसरं. १९९०च्या दशकात ती मरू लागली. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या विभू प्रकाश यांनी भरतपूरच्या केवलादेव उद्यानात ही घट टिपली. गिधाडं माना टाकून फांदीवर बसून राहायची आणि मग खाली पडायची. आधी संशय विषाणूवर होता. कारण सापडलं ते पाकिस्तानात, लिंडसे ओक्स यांच्या चमूला, आणि २००४ मध्ये ते प्रसिद्ध झालं: डायक्लोफेनॅक.

सूज आणि वेदना कमी करणारं साधं इंजेक्शन. लंगडणारी गाय, कासेला सूज, ताप, सगळ्याला एकच. स्वस्त आणि लगेच उतार पडणारं, त्यामुळे शेतकरी खूश. गाईला किलोमागे एक-दोन मिलिग्रॅम दिलं तरी काही होत नाही. गिधाडाच्या बाबतीत किलोमागे ०.१ ते ०.२ मिलिग्रॅम इतक्यातही मूत्रपिंड बंद पडतं. रक्तातलं युरिक आम्ल बाहेर पडत नाही, आतल्या अवयवांवर त्याचा पांढरा थर बसतो. शवविच्छेदनात यकृतावर आणि हृदयावर खडू फासल्यासारखं दिसतं. दोन-तीन दिवसांत पक्षी संपतो.

२००६ मध्ये जनावरांसाठीचं डायक्लोफेनॅक बंद झालं. मग माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात येऊ लागल्या, म्हणून २०१५ मध्ये माणसांच्या इंजेक्शनचा आकार ३ मिलिलिटरच्या एका मात्रेपुरता केला. २०२३ मध्ये किटोप्रोफेन आणि असिक्लोफेनॅक ही तशीच वेदनाशामकंही जनावरांसाठी बंद झाली. मेलॉक्सिकॅम गिधाडांना चालतं, आम्ही आता तेच वापरतो.

कोवळं_ऊन

बापरे. म्हणजे हे जैविक विशालनच ना? डीडीटी या कीटकनाशकासारखं, साखळीत वर जाताना साठत जाणारं? आमच्या मुलाने प्रकल्पात तसंच लिहिलंय.

ढोरडॉक्टर

प्रकल्प द्यायच्या आधी तेवढं वाक्य काढायला सांगा. डीडीटी चरबीत विरघळतं, शरीराबाहेर पडत नाही, म्हणून पाण्यातल्या प्लवकापासून (तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांपासून) माशात, माशातून मासेखाऊ पक्ष्यात त्याचं प्रमाण पायरीपायरीने चढत जातं. ते विशालन. डायक्लोफेनॅक गाईच्या शरीरातून आठवड्याभरात निघून जातं, साठत नाही. इंजेक्शन दिल्यावर गाय बरी झाली आणि महिन्याने मेली, तर तिचं मांस गिधाडाला सुरक्षित. अडचण अशी की आजारी जनावरालाच इंजेक्शन देतात आणि आजारी जनावरच दोन दिवसांनी मरतं. एका जेवणात खेळ खलास.

त्यातून लोकांना न पटणारी गोष्ट म्हणजे, शंभरातल्या एकाहूनही कमी मृत ढोरांत हे औषध असलं तरी एवढी घट होऊ शकते, असं गणित निघालं. एका ढोरावर पन्नास गिधाडं जेवतात आणि एक गिधाड वर्षभरात कितीतरी ढोरांवर जेवतं. थव्याने जेवायची सवयच अंगाशी आली.

अंकलिपी

गणितवाल्यांसाठी. पांढऱ्या पुठ्ठ्याच्या (म्हणजे कमरेपाशी पांढऱ्या) गिधाडांची २००० ते २००७ दरम्यानची घट वर्षाला सुमारे ४४ टक्के निघाली होती. मुलीला वहीत करायला सांगा: १००० पासून सुरुवात, दरवर्षी ५६ टक्के उरतात. १०००, ५६०, ३१४, १७६, ९८, ५५, ३१, १७, १०, ५, ३. दहा वर्षांत हजारातली तीन. १९९२ ते २००७ मध्ये या जातीची घट ९९.९ टक्के सांगतात, ती आकडेवारी या वहीतल्या हिशोबाशी जुळणारी आहे.

आता उलट दिशा. गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडं घालते आणि पिल्लू वयात यायला पाचेक वर्षं लागतात. म्हणजे औषध आज शंभर टक्के बंद झालं तरी तीनाचे हजार व्हायला आपल्या नातवंडांची वाट पाहावी लागेल. समष्टीचा (एका जातीच्या सगळ्या सजीवांचा) जन्मदर आणि मृत्युदर हा भाग पुस्तकात दोन ओळींत उरकतात, तो इथे दिसतो.

शंकासुर

पण मूळ प्रश्न राहिलाच. गिधाडं गेली तर त्यांच्या वाटणीची ऊर्जा गेली कुठे? ढोरं तर मरतच होती.

मास्तर_घाटावरचे

कुठेच हरवली नाही. ढोराच्या मांसात जेवढी ऊर्जा होती तेवढीच होती, जेवणारे बदलले. गावची कुत्री, कावळे, घारी, माशांच्या अळ्या आणि उरलेलं जिवाणू. शेवटी श्वसनातून सगळी उष्णता होऊन गेली, गिधाडं असतानाही तशीच गेली असती. पदार्थांचंही तेच, नायट्रोजन मातीत पोचला, थोडा उशिरा पोचला. नुसत्या ऊर्जेच्या आणि द्रव्यांच्या हिशोबाने पाहिलं तर लेकीचं म्हणणं बरोबर आहे, काही बिघडलं नाही.

बिघडलं ते कोणी खाल्लं आणि किती वेळात खाल्लं यात. गिधाडाच्या जठरातलं आम्ल फार तीव्र, पीएच १ ते २ च्या आसपास. सडक्या मांसातले बहुतेक रोगजंतू तिथेच मरतात. कुत्र्याचं तसं नाही. कुत्रं लचका तोडतं, ओढून नेतं, अर्धं टाकतं, आणि पाणवठ्यावर जाऊन पाणी पितं. गिधाडाला वर्षाला एक पिल्लू. कुत्रीला एका वेतात पाच-सहा, आणि वर्षात दोन वेतं होऊ शकतात. अन्न मोकळं पडलं की ज्याची संख्या पटकन वाढू शकते तो आधी पोचतो. पण त्याने भूमिका पूर्ण भरून काढली असं होत नाही.

म्हणून मी वर्गात साखळीतून एखादा सजीव पुसला की पोरांना 'पुढे काय होईल' असं एका वाक्यात विचारत नाही. 'साप गेले तर बेडूक वाढतील' हे उत्तर साखळीपुरतं खरं. शिवारात बेडूक बगळाही खातो आणि मुंगूसही. अन्नजाळ्यात एक दोरा तुटला की ताण कुठल्या दोऱ्यावर येईल हे आधी सांगणं कठीण. गिधाडांचा ताण कुत्र्यांवरून माणसांवर येईल, असं १९९० साली कोणी लिहिलं असतं तर आम्ही तरी गुण दिले असते का, शंका आहे.

कोवळं_ऊन

माणसांवर म्हणजे रेबीज?

ढोरडॉक्टर

रेबीज आणि दूषित पाणी, दोन्ही. इयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या अर्थशास्त्रज्ञांनी २०२४ मध्ये यावर निबंध प्रसिद्ध केला. जिथे पूर्वी गिधाडांना अनुकूल अधिवास होता ते जिल्हे आणि जिथे नव्हता ते जिल्हे, यांच्या मृत्युदरांची डायक्लोफेनॅक येण्याआधी आणि नंतर अशी तुलना केली. २००० ते २००५ या काळात गिधाडं गेल्यामुळे सुमारे ५ लाख जास्तीचे मृत्यू झाले असा त्यांचा अंदाज. हा संख्याशास्त्रीय अंदाज आहे, एकेका मृत्यूच्या दाखल्यावर 'कारण: गिधाड नाही' असं लिहिलेलं नसतं. पण कुत्र्यांची संख्या, रेबीजच्या लशीची विक्री आणि पाण्याचं प्रदूषण याही खुणा त्यांनी तपासल्या आहेत.

आणखी एक. मुंबईत डुंगरवाडीला पारशी समाज मृतदेह उघड्यावर ठेवतो, त्या अंत्यविधीचं सगळं गणित गिधाडांवर होतं. ती गेल्यावर तिथे सूर्यकिरण एकवटणारे आरसे बसवावे लागले. पावसाळ्यात ढग आले की आरसेही हात टेकतात.

भटकाखार

पूर्ण संपलेली नाहीत हो, एवढं निराश करू नका पोरीला. रायगड जिल्ह्यात म्हसळा तालुक्यात चिरगावच्या परिसरात पांढऱ्या पुठ्ठ्याची गिधाडं उंच झाडांवर घरटी करतात, गावकऱ्यांनी ती सांभाळली आहेत. लांब चोचीचं गिधाड कड्यांच्या कपारीत घरटं करतं, त्यामुळे सह्याद्रीच्या किल्ल्यांवर नजर वर ठेवून चालायचं. कड्यावर पांढरे ओघळ दिसले तर ती विष्ठेची खूण, घरटं तिथेच वर असतं. दुर्बीण नसली तरी चालतं, ओघळ खालून दिसतात. हरियाणात पिंजोरला प्रजनन केंद्र आहे, तिथून आणलेली काही गिधाडं आपल्या पेंच आणि ताडोबातही आणून सोडली आहेत.

(अवांतर: ओघळ दिसले म्हणून कपारीखाली जाऊन गोंगाट करू नये. घाबरून पक्षी उठला की अंडं उघडं पडतं.)

नववीची_आई

सगळ्यांचे आभार. आता शेवटची शंका, मग अभ्यासाला बसवते. दहा टक्क्यांचा नियम. प्रत्येक पायरीवर बरोब्बर दहाच टक्के ऊर्जा पुढे जाते का? आणि उरलेली नव्वद जिवाणू खातात का?

मास्तर_घाटावरचे

पेपरात दहा लिहायचं. गवतात १०,००० ज्यूल, गाईत १०००, गिधाडात १०० असा हिशोब घालतात, तो करून ठेवा.

खरं पाहता दहा हा ढोबळ मध्य आहे. नियम रेमंड लिंडमन या अमेरिकन तरुणाच्या १९४२ च्या निबंधावरून आला. मिनेसोटातल्या एका छोट्या तळ्याचा त्याने पायरीपायरीने हिशोब मांडला. त्याच्या तळ्यात शाकाहाऱ्यांची कार्यक्षमता १३ टक्क्यांच्या आसपास निघाली, मांसाहाऱ्यांची २२ च्या. निबंध आधी नाकारला गेला, मग स्वीकारला, आणि छापून येण्याआधी लिंडमन अवघ्या २६ वर्षांचा असताना आजाराने गेला. पोरांना ही गोष्ट सांगितली की नियमाचं नाव पेपरात विसरत नाहीत.

उरलेल्या नव्वदाचं: सगळी जिवाणूंना जात नाही. गाय चालते, रवंथ करते, अंग गरम ठेवते, त्यात बरीच उष्णता होऊन जाते. न पचलेलं शेणातून बाहेर पडतं, ते शेणकिडे, बुरशी, जिवाणू यांच्याकडे. गवताचा न खाल्लेला भाग वाळून मातीत जातो. जंगलात तर झाडांनी तयार केलेल्यातलं बहुतेक कोणी हिरवं असताना खातच नाही, पाचोळा होऊन अपशिष्टांच्या साखळीतच जातं. ऐन–सागाच्या रानात शिशिरात चालून बघा, पायाखाली कुरकुरतं ते सगळं त्या साखळीचं अन्न. पुस्तकातल्या चित्रात मात्र हरीण आणि वाघ मोठे असतात आणि विघटक कोपऱ्यात एका चौकटीत.

शंकासुर

मास्तर, एक पिन अजून. पायरीपायरीने सजीव रचून जो मनोरा काढतात, तो समुद्रात म्हणे उलटा असतो. वर जाड, खाली बारीक. मग दहा टक्के कुठे राहिले?

मास्तर_घाटावरचे

वजनाचा मनोरा उलटा असू शकतो, ऊर्जेचा कधीच नाही. पाण्यातली वनस्पतिप्लवकं एका दिवसात दुप्पट होऊ शकतात आणि तितक्याच वेगाने खाल्लीही जातात. एखाद्या क्षणी जाळी टाकून वजन केलं तर खाणाऱ्यांचं वजन जास्त भरेल. वर्षभरात प्लवकांनी किती तयार केलं याची बेरीज केली तर ती खाणाऱ्यांनी तयार केलेल्यापेक्षा कितीतरी जास्त. मनोऱ्याखाली एकक काय लिहिलंय ते आधी वाचायचं: चौरस मीटरला ग्रॅम असेल तर वजनाचा, चौरस मीटरला वर्षाला किलोज्यूल असेल तर ऊर्जेचा. संख्येचाही उलटा होऊ शकतो, एक आंब्याचं झाड आणि त्यावर हजारो तुडतुडे.

नववीची_आई

तुडतुड्यांचं उदाहरण तिला एकदम पटलं, आजोळी आमराई आहे. पण ती आता विचारतेय की तुडतुडे मोहोराचा रस शोषतात म्हणजे ते भक्षक की परजीवी. याचं उत्तर उद्या द्या, आज तिला झोपू दे.

मास्तर_घाटावरचे

उद्या कशाला. रस शोषतात म्हणून आंब्याचे परजीवी म्हणा किंवा वनस्पतीवर जगतात म्हणून प्राथमिक भक्षक म्हणा, पातळी क्रमांक दोनच (पहिली आंब्याची). कोळ्याने तुडतुडा खाल्ला की कोळी तिसऱ्या पातळीवर. बाण तुडतुड्याकडून कोळ्याकडे.